मधला ठिपका

डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीच्या पाठीवर तीन ठिपके काढून ते रेघेनं जोडले, तेव्हा तिचं लक्ष बाबांच्या शर्टाकडे होतं. तपासणीच्या पलंगावरून उठून त्यांनी तो घाईनं चढवला होता आणि एक गुंडी चुकल्यामुळे सगळ्याच चुकल्या होत्या. कॉलर एकीकडे वर, एकीकडे खाली. छातीशी जेलचा ओला डाग. पुढे होऊन गुंड्या नीट लावाव्यात असं तिला वाटत होतं, पण डॉक्टरांसमोर सत्तरीच्या माणसाच्या गुंड्या लेकीनं लावायच्या म्हणजे त्यांना लाज वाटली असती. म्हणून ती नुसती बघत राहिली. रेघ आधी वर गेली, मग खाली वळली. "चोवीस, शेहेचाळीस, अडतीस," डॉक्टर म्हणाले, आणि पेनाचं टोक शेवटच्या ठिपक्यावर ठेवून थांबले. ते असे कधी थांबत नसत. दारापलीकडे वीस पेशंट बसलेले असत, आणि बोलता बोलता त्यांचा हात पुढच्या कागदावर गेलेला असे. आज हात तिथंच राहिला. मधला ठिपका तिचा होता.

"तुला सांगायला नको," डॉक्टर तिला म्हणाले. तीन खोल्या सोडून पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत ती रोज लोकांची हृदयं मोजत असे, म्हणून नको. "एकच आकडा असता तर मी घाबरलो नसतो. अडतीस घेऊन माणसं झकास जगतात. पण मी आकडा बघत नाही, आकडा कुठून कुठे चाललाय ते बघतो. सहा महिने गोळ्या पूर्ण घेऊन जे चढलं ते परत उतरतंय, हे बरं नाही. काका, गोळ्या नेमानं घेताय ना?"

"घेतो की."

"सगळ्या?"

"सगळ्या. लेकीनं डबीवर वार लिहून दिलेत. वार चुकला तर गोळी चुकेल, आणि वार मी अजून चुकलेलो नाही."

"मीठ विचारा त्यांना," आई कोपऱ्यातल्या खुर्चीतून म्हणाली. "खारे दाणे विचारा."

"एकदा खाल्ले, मार्चमध्ये. अकरा दाणे. हिनं टरफलं मोजली होती."

डॉक्टर हसले नाहीत. तीन महिन्यांपूर्वी, शेहेचाळीस आले त्याच दिवशी त्यांनी एक नवी पांढरी गोळी वाढवली होती. उतार त्यानंतरचा, म्हणजे संशय त्या गोळीवर. ती सोमवारपासून बंद करायची. सोमवारीच दाखल व्हायचं, मनगटातून तार घालून हृदयाच्या नळ्या एकदा आतून बघायच्या, आणि मग पुढचं ठरवायचं. पुढचं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही. बाबांनी चिठ्ठी घेतली, उलटी केली, तीन ठिपक्यांकडे पाहिलं आणि घडी करून खिशात ठेवली. खिसासुद्धा वाकडा होता.

बसमध्ये ती त्यांच्या मागच्या सीटवर बसली. त्यांच्या मानेवरच्या पांढऱ्या बारीक केसांकडे बघता बघता तिला सहा महिन्यांपूर्वीची ती सकाळ आठवली, जेव्हा त्यांचा बूट पायात गेला नव्हता. जन्मभर त्यांनी लोकांचे बूट केले, आणि तेही साधे नव्हेत. एक पाय आखूड असलेल्यांचे, बोटं गेलेल्यांचे, जन्मतः पाऊल आत वळलेल्यांचे. घराच्या खालच्या खोलीत फळीवर लाकडी साचे ओळीनं ठेवलेले असत, प्रत्येकावर गिऱ्हाइकाचं नाव. लहानपणी तिला वाटायचं की माणसं रात्री आपले पाय बाबांकडे ठेवून झोपायला जातात. त्यात बाबांच्या स्वतःच्या पायांचाही साचा होता. त्या सकाळी ते बूट हातात घेऊन बसले, आत हात घालून बघितला, मग साचा काढून त्यावर बूट चढवला. तो बरोबर बसला. "बूट बरोबर आहे," ते म्हणाले, "म्हणजे पाय चुकलाय." स्वतःच्या घोट्यावर त्यांनी अंगठा दाबला. खळगा पडला आणि भरून यायला बराच वेळ लागला. तिची लेक भिंगरी तेव्हा दीड महिन्याची होती, तिच्या मांडीवर पीत होती. तो खळगा बघताना आपलं दूध आटल्याचं तिला चक्क जाणवलं, आणि भिंगरीनं तोंड सोडून तक्रार केली. दुपारी तिच्या विभागातल्या थोरल्या बाईंनी बाबांचं हृदय मोजलं. चोवीस.

हृदय पूर्ण भरतं तिथं पडद्यावरचं चित्र थांबवायचं आणि आतल्या भिंतीच्या कडेनं रेघ ओढायची. मग ते पुरतं आवळतं तिथं थांबवायचं, पुन्हा रेघ. भरलेल्यापैकी शेकडा किती बाहेर टाकलं ते यंत्र सांगतं. चांगल्या माणसाचं साठच्या आसपास येतं, शंभर कुणाचंच येत नाही. "कुणीच सगळं देऊन टाकत नाही," थोरल्या बाई शिकाऊ पोरींना सांगत. गणित यंत्राचं, पण रेघ हाताची. आणि बाहेरच्या भिंतीपाशी फुप्फुसाची सावली पडते, तिथं भिंत दिसत नाही, ओळखावी लागते. थोरल्या बाई बत्तीस वर्षं ओळखत आल्या होत्या. त्यांच्या सवयी सगळ्या विभागाला पाठ होत्या. पेशंटचा जुना रिपोर्ट हातात आला की न वाचता पालथा घालायचा आणि वर जेलची बाटली ठेवायची. आधी मोजायचं, मग बाटली उचलायची. "जुना आकडा डोळ्यात शिरला की हात त्याच्याकडेच चालायला लागतो," त्या म्हणत. आणि दुसरं, आपल्या माणसाच्या छातीवर हात ठेवायचा तो घरी ठेवायचा, इथं नाही.

तीन महिन्यांपूर्वी तिचा बाळंतपणाच्या रजेनंतरचा पहिला आठवडा होता, आणि थोरल्या बाई बहिणीच्या आजारपणासाठी गावी गेल्या होत्या. बाबांची तारीख नेमकी त्यात आली. पुढे ढकलता आली असती. आठ दिवसांनी काही बिघडलं नसतं. पण बाबा सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ती म्हणाली, मीच करते, चला. हे सगळं ती बसमध्ये स्वतःला सरळ क्रमानं सांगत होती, जसं आपण पोलिसाला सांगू. बाबा डाव्या कुशीवर झोपले. खोली अंधारी आणि थंड होती. बाहेरच्या बाकावर कुणाचं तरी तान्हं रडत होतं, आणि तिच्या अंगाला ते आपलं की परकं हे कळत नव्हतं, छाती भरून येऊन ब्लाउज ओला होत होता. बाबांच्या बरगड्या हाताला लागत होत्या. आधी त्या लागत नसत. "दिसतंय का काही?" त्यांनी विचारलं. "दिसतंय," ती म्हणाली. जुना रिपोर्ट पालथा घालून तरी काय उपयोग होता? चोवीस तिला झोपेतही दिसत असे. तिनं रेघ ओढली, आणि आकडा आला शेहेचाळीस.

इथं बस थांबली, माणसं उतरली. बाबांनी मागं वळून, ती आहे ना, असं बघितलं. लहानपणी शाळेच्या रस्त्यावर बघायचे तसंच. आणि त्यांनी परत पुढं तोंड केलं त्या क्षणी तिला कळलं की आपण पोलिसाला खोटं सांगतोय. शेहेचाळीस पहिल्यांदा आले नव्हते. पहिल्यांदा बत्तीस आले होते.

तिनं बत्तीस बघितले होते. चांगले दोन श्वास बघितले होते. मग मनात म्हणाली होती, घाईत झालं, बाहेर पोर रडतंय, हात थंड आहेत, भिंत नीट दिसली नाही. हे सगळं खरंही होतं. ती रेघ पुसली. दुसऱ्यांदा सदतीस. मग सावलीतली भिंत तिनं डोळे बारीक करून पाहिली, आणि ती जरा आत आहे असं तिला दिसलं. दिसलंच, हेच तर भयंकर होतं. आवळलेल्या हृदयाची रेघ तिनं तिथं आत घेतली, जसं झोपलेल्या पोराचं पांघरूण आपण नकळत आत खोचतो तशी. शेहेचाळीस. हे मात्र तिनं पुसलं नाही. यंत्र शेवटचाच आकडा ठेवतं. संध्याकाळी आईनं खीर केली होती, बाबा जिन्यावरून न थांबता वर आले होते, आणि नवरा म्हणाला होता, तुझा हात लागला म्हणून वाढलं. त्यावर ती लाजली होती.

घरी भिंगरी पालथी होऊन गोल गोल फिरत होती. साडेसात महिन्यांची झाली तरी पुढं सरकायचं सोडून स्वतःभोवतीच फिरते, म्हणून तिचं नाव भिंगरी. आईनं स्वयंपाकघरात डब्यांची झडती सुरू केली होती. "एवढ्या गोळ्या पोटात जातात आणि आकडा उतरतो, म्हणजे काहीतरी चोरून चाललंय. अहो, मला खरं सांगा, मी रागावणार नाही."

"तू आत्ताच रागावलीस," बाबा म्हणाले, "खरं सांगायच्या आधीच."

"गोळी जिभेखाली धरून नंतर थुंकत नाही ना तुम्ही? शेजारच्या आजोबांनी तसंच केलं होतं."

बाबांनी तोंड उघडून जीभ वर करून दाखवली. आई हसली नाही. तिनं दाण्यांचा डबा उचलून सर्वांत वरच्या फळीवर ठेवला, स्टुलावर चढून. आईची ही सगळी कटकट म्हणजे भीती आहे हे तिला दिसत होतं. आणि या भीतीचं कारण आपण आहोत, हे तोंडाशी येऊन तिथंच चिकटत होतं. कारण त्याच्यापुढं आणखी एक गोष्ट होती, आणि ती अजून डोक्यात नीट उभी राहत नव्हती. भिंगरीला पाजायला घेतल्यावर ती गोष्ट उभी राहिली. भिंगरी एका हातानं तिचं बोट धरून पीत होती. गिळण्याचा तो बारीक ठोका, भरतो, आवळतो, भरतो. शेहेचाळीस खोटे असतील तर मधला ठिपका खाली यायला हवा. मधला ठिपका बत्तीसवर आला, तर रेघ खाली वळतच नाही. चोवीस, बत्तीस, अडतीस. बाबा चढतायत. बाबा सहा महिने सावकाश, न थांबता वर चढतायत, जिन्यावरून चढतात तसे कठड्याला हात लावून. आणि सोमवारी त्यांची ती गोळी बंद होणार आहे, जी कदाचित त्यांना वर ओढतेय.

आनंद असा छातीवर बसतो हे तिला माहीत नव्हतं. आणि लगेच दुसरं मन म्हणालं, कशावरून? तेव्हा तुला शेहेचाळीस हवे होते म्हणून तुला शेहेचाळीस दिसले. आज बत्तीस हवेत म्हणून बत्तीस आठवतायत. तुझ्या आठवणीचा हात तरी सरळ कुठाय? खरंच बत्तीस आले होते, की मघाशी बसमध्ये तू रेघ परत ओढलीस? चित्रं यंत्रात होती. पण ती तिनं स्वतः उघडून चालणार नव्हतं, कारण बघणारे डोळे तेच. ती थोरल्या बाईंना दाखवावी लागणार होती, आणि दाखवताना का दाखवतेयस हे सांगावं लागणार होतं. पुसलं होतं, दोनदा पुसलं होतं, हेही. मग रजेवरून आल्यापासूनच्या तिच्या सगळ्या रिपोर्टांवर कुणी विश्वास का ठेवावा? दिवसाला चौदा माणसं, तीन महिने. नोकरी गेली तर? कोण जाणे, गोळीचाच दोष असेल आणि सोमवारी डॉक्टर आपलं आपण बघून घेतील. असाही एक विचार आला. बराच वेळ थांबला, घरचाच असल्यासारखा.

भिंगरी झोपल्यावर ती खाली गेली. दुपारचे चार वाजले होते. खालच्या खोलीत कातडं, सरस आणि मेण यांचा तो वास होता, ज्यात तिचं सगळं लहानपण चिकटून बसलेलं होतं. बाबा टेबलाशी होते. शर्ट तोच होता, गुंड्या तशाच. समोर मऊ तपकिरी कातड्याचा तुकडा पसरला होता. शेहेचाळीस आल्यावर त्यांनी तो स्वतःच्या नव्या जोडासाठी आणला होता. सुजलेल्या पायांसाठी जुने बूट त्यांनीच कापून त्यांच्या सपाता केल्या होत्या, आणि तेव्हापासून ते त्याच घालून फिरत. बूट करणारा माणूस सपातांत, म्हणून गल्लीत चेष्टा व्हायची. तीन महिने तो तुकडा गुंडाळून पडला होता, कारण आधी बाकीची गिऱ्हाइकं. आता त्यावर त्यांनी कागदी तळवे मांडले होते. इवलेसे. तिनं मोजले, पाच होते. प्रत्येकावर पेन्सिलीनं लिहिलं होतं, एक, दीड, दोन, तीन, आणि शेवटच्यावर, पाच – शाळा.

"हे काय?"

"हिचे. भिंगरीचे." ते वर बघत नव्हते. "माझ्या एका जोडाच्या कातड्यात पोरीचे पाच जोड निघतात, पाहिलंस? मला तरी बूट घालून कुठे जायचंय. पाय तुझ्या आईवर गेलेत, बोटं लांब. अंदाज चुकायचा नाही. शाळेचा जरा सैल धरलाय."

"बाबा, तिला अजून पुढंसुद्धा सरकता येत नाही."

"येईल की. तेव्हा घाई नको व्हायला." त्यांनी कात्री उचलली. पहिला जोड कापून झालाच होता. 'एक' असं लिहिलेले दोन तपकिरी तळवे बाजूला पडले होते, बिस्किटांएवढे. "सोमवारच्या आत दोनतीन होतील. बाकीचे कापून ठेवतो. तुझी आई शिवून घेईल कुणाकडून."

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. गिऱ्हाइकाला तारीख सांगावी तसं त्यांनी ते सांगितलं. ती शेजारच्या स्टुलावर बसली. लहानपणी ती इथंच बसायची आणि बाबा लोकांची मापं घ्यायचे. कागदावर पाऊल, भोवती पेन्सिल. गिऱ्हाईक पाय बारीक दिसावा म्हणून बोटं आखडून घ्यायचं, आणि बाबा पावलाला टिचकी मारायचे: "सोडा बोटं. बूट तुम्हाला चावणार, मला नाही." तिला पेन्सिल धरायला मिळाली तेव्हा ती आठ वर्षांची होती, आणि त्यांनी एकच गोष्ट शिकवली, की पेन्सिल उभी. आत कलली की माप लहान. बाहेर कलली की बूट ढगळ. 'पाच' लिहिलेला तळवा तिनं हातात घेतला. पाच वर्षांच्या भिंगरीचं पाऊल तिच्या तळहातावर होतं. तेव्हा बाबा नसतील असं धरून काढलेलं, आणि कडेची रेघ तरीही कुठंही थरथरलेली नव्हती. तिनं तो जागच्या जागी ठेवला. "आज आणखी कापू नका," ती म्हणाली. "एक दिवस थांबा."

"का?"

"मी सांगते म्हणून."

बाबांनी चष्म्यावरून बघितलं आणि कात्री खाली ठेवली.

शुक्रवारी सकाळी ती विभागात पोचली तेव्हा थोरल्या बाई खुर्चीचं कुशन झटकत होत्या. जगात दुसरा कुणी ते नीट झटकत नाही असा त्यांचा समज होता. तिनं उभ्यानंच सांगितलं. रात्रभर जुळवून ठेवलेल्या वाक्यांपैकी एकही आलं नाही. बत्तीस, सदतीस, शेहेचाळीस, मी पुसलं, मी बघितलं आणि पुसलं, असं काहीतरी आलं. थोरल्या बाईंचा हात कुशनवर तसाच राहिला.

"आपल्या माणसाचं मोजायचं नाही, हे तुला कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

"मग मी गावी मेले होते का? फोन करायचास."

"हो."

"हो काय." त्या बसल्या. "तू मला आज सांगतेयस, कारण त्याच्यात तुझ्या वडिलांचं भलं आहे. उलट असतं तर सांगितलं असतंस?"

हा प्रश्न तिनं स्वतःला विचारलेला नव्हता. तिनं विचार केला, खरोखरच केला, आणि म्हणाली, "माहीत नाही."

थोरल्या बाईंनी तिच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग यंत्र चालू केलं. "चित्र काढ तीन महिन्यांपूर्वीचं, आणि पाठ करून उभी राहा. मला तोंड दिसायला नको तुझं." पडद्याच्या ज्या कोपऱ्यात जुना आकडा येतो तिथं त्यांनी जेलची बाटली उभी केली. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. भिंतीवर हृदयाचा एक तक्ता होता, निळ्या-लाल नळ्यांचा, आणि खाली कुणीतरी शिकाऊ मुलीनं पेनानं एक छोटं हसरं तोंड काढलेलं. मागं यंत्रावरच्या, रेघ ओढायच्या चेंडूवरून बोट फिरल्याचा आवाज. थांबलं. परत फिरलं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दिवशी नर्स तिच्या पोटावर तळहात दाबून म्हणाली होती, आकसतंय, छान आकसतंय. एवढं ताणलेलं, पसरलेलं, कसं काय परत येतं याचं तिला नवल वाटलं होतं. आपलं अंग आपल्याला न विचारता परत घरी निघालेलं होतं, रोज थोडं थोडं.

"एकतीस," थोरल्या बाई म्हणाल्या.

ती वळली नाही.

"आपल्याला हवा तो आकडा आला तरी परत करायचं असतं," त्या स्वतःशीच पुटपुटल्या आणि पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्यांदाही एकतीस. मग कालचं चित्र, सकाळच्या डोळ्यांनी. एकोणचाळीस. "माझे कालचे अडतीसच धर. एकदोन इकडेतिकडे हाताचे असतात. पंधरा हाताचे नसतात, पंधरा मनाचे असतात. वळ आता." ती वळली. दोन चित्रं शेजारी शेजारी थांबवलेली होती, दोन्ही पुरती आवळलेली. थोरल्या बाईंनी बोटानं एक कड दाखवली, मग दुसरी. "कप्पा बघ. तेव्हा केवढा फुगला होता, आणि आता. आकडा सोड, हा आकार बघ. ढगळ झालेलं परत मापात येतंय. असं झालं की माणसं टिकतात, मी खूप पाहिलीत." मग एकदम कोरड्या आवाजात, "रडायचं असेल तर दारापलीकडे. इथं जेल सांडतं."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते तिला सगळ्यात जड गेलं. गेल्या तीन महिन्यांतले तिचे दहा रिपोर्ट त्यांनी डोळे मिटून काढले, तिला शेजारी बसवून एकेक मोजले आणि बाटली उचलून पडताळले. एकचा फरक, तीनचा, शून्य, दोनचा. दहाव्याला त्या म्हणाल्या, "लोकांच्या बाबतीत हात बरा आहे तुझा." मग दोघी डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "मी सोमवारी ती गोळी बंद करणार होतो," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. तिनं जे झालं ते लेखी दिलं. पुढचे तीन महिने तिच्या प्रत्येक रिपोर्टवर थोरल्या बाईंची दुसरी सही असणार होती. शिकाऊ पोरींसमोर रोज चौदा वेळा. तिनं मान हलवली. मग डॉक्टरांनी कोरा कागद ओढला, तीन ठिपके काढले आणि रेघ ओढली. ती सरळ नव्हती, पण कुठंही खाली वळत नव्हती. "दाखल करायचं नाही. तार नको. गोळी चालू. तीन महिन्यांनी परत," ते म्हणाले, आणि त्यांचा हात पुढच्या पेशंटच्या कागदाकडे गेला. तो हात तसा जाताना बघून तिला जेवढं बरं वाटलं तेवढं रेघ बघूनही वाटलं नव्हतं.

घरी तिनं आईबाबांना एकत्र बसवून सांगितलं. आईला आधी काही कळेना. चूक झाली म्हणजे वाईट, आणि बरं होतायत म्हणजे चांगलं, हे दोन्ही एकाच वाक्यात कसं? "म्हणजे हे गोळ्या थुंकत नव्हते?" तिनं विचारलं.

"नाही, आई."

"आणि दाणे?"

"अकराच," बाबा म्हणाले. "मार्चमध्ये." डॉक्टरांचा कागद त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. खिशातून कालची चिठ्ठी काढून त्यांनी ती शेजारी ठेवली आणि आळीपाळीनं बघत राहिले. तिला वाटलं आता ते रागावतील, आणि रागावावं असंही वाटत होतं. "तुझ्या आईचा पहिला जोड मी लग्नाआधी केला," ते म्हणाले. "माप मीच घेतलं. दुसऱ्या कुणाला तिच्या पायाला हात लावू देणार होतो होय? पेन्सिल गेली आत कलून. मला तिचा पाय नाजूकच दिसत होता ना."

"चावले," आई म्हणाली. "टाचेला फोड यायचे. वर्षभर घातले तरी."

"वर्षभर? मला कधी बोलली नाहीस."

"आत्ता बोलले की." आई उठली, स्टूल ओढून वर चढली आणि दाण्यांचा डबा खालच्या फळीवर आणून ठेवला. द्यायचा नव्हताच, पण तो आपल्या जागी असावा एवढंच. भिंगरी जमिनीवर गोल फिरत होती. फिरता फिरता डब्याच्या आवाजाकडे तिचं तोंड झालं. ती थांबली, पोटावर रेटा देऊन वीतभर पुढं आली आणि स्वतःच चकित होऊन तिथं पडून राहिली. सगळे बघत होते.

दिवेलागणीला बाबांनी तिला खाली बोलावलं. टेबलावरचे चार कागदी तळवे त्यांनी एकत्र करून खिळ्याला लटकवले होते, कॅलेंडरासारखे. पहिला जोड तेवढा मेणदोऱ्यासह पुढ्यात होता, अर्धा शिवलेला. "हिचा एक जोड कापून बसलो तुझ्या आकड्यापायी," ते म्हणाले. "आता माझ्या जोडाला कातडं कमी पडतंय. रविवारी चल माझ्याबरोबर बाजारात. चालत जाऊ." मग जमिनीवर कोरा कागद टाकून त्यांनी सपाता काढल्या आणि डावं पाऊल कागदावर ठेवलं. "जुना साचा चालायचा नाही. दुखण्यात पाय बदललाय. माप संध्याकाळीच घ्यायचं असतं, दिवसभराची सूज असते ती धरून. बघ, आहे का?" तिनं गुडघे टेकले, घोट्यावर अंगठा दाबला आणि उचलला. कातडी अंगठ्याबरोबरच वर आली. दुसऱ्या घोट्यावरही दाबून बघितलं. आपल्याला हवं ते आलं होतं, म्हणून परत दाबलं.

"आपल्या माणसाचं माप घ्यायचं नाही म्हणतात," ती म्हणाली.

"म्हणूनच मी वरून बघतोय. घे."

त्यांनी बोटं जरा आखडली होती. तिनं पावलाला टिचकी मारली. बोटं सुटली, लांब झाली, कागदावर पसरली. पेन्सिल टाचेशी ठेवून ती निघाली, घोट्याच्या खालून, बाहेरच्या कडेनं, करंगळीपर्यंत. तिथं दिव्याची सावली पडत होती आणि कड नीट दिसत नव्हती. ती थांबली.

"उभी धर," बाबा वरून म्हणाले.

"उभीच आहे."

"मग चल पुढं."